खंदकावरची शाळा

आमच्या गावाखाली जुना खंदक आहे, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाहुणा आला की त्याला जेवायच्या आधी खंदकाची हकिकत ऐकावी लागते. सांगणाऱ्याचा आव असा, की आजोबांनी स्वतः टोपल्या वाहून तो खणला होता. माझ्यापुढे कोणी तो विषय काढला तर मी उठून आत जाते. घरच्यांना वाटतं, म्हातारी चिडकी झाली. चिडकी मी पहिल्यापासूनच आहे. पण या खंदकाचा राग वेगळा आहे, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, म्हणून तो जात नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकार नागपुरात, जिल्ह्याचे साहेब घाटावर बुलढाण्याला, आणि आम्ही घाटाखाली काळ्या मातीत. मी अमरावतीला मास्तरणीचं शिक्षण घेतलं होतं. माझे यजमान गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून मला याच गावच्या मुलींच्या शाळेवर नेमलं. शाळा म्हणजे रामाच्या देवळाची ओसरी. वीस-बावीस मुली, एक फळा, आणि सकाळच्या आरतीला आलेली म्हातारी माणसं, जी आरती झाली तरी हलत नसत. पोरी पाढे म्हणू लागल्या की ती कानावर हात ठेवत. मी तरी शिकवत होते. माझ्या मुलींना स्वतःचं छप्पर हवं, एवढी एकच गोष्ट मी चार वर्षं मागत होते.

शेवटी गावच्या कमिटीनं जागा दिली. कुठे दिली, तर उकिरड्यांवर.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्या गावात प्रत्येक घराचा उकिरडा ठरलेला असे. तो घराजवळ नसायचा, गावाच्या कडेला असायचा, आणि वडिलांकडून मुलाकडे जायचा. शेण, राख, केरकचरा, फुटकी मडकी, सगळं तिथं. उन्हाळ्यात तो उपसून गाडीनं शेतात न्यायचा, की दसऱ्यानंतर पुन्हा भरायला सुरुवात. भाऊ वेगळे झाले तर घराबरोबर उकिरड्याचीही वाटणी व्हायची आणि त्यावरून डोकी फुटायची. असे उकिरडे गावाला सगळीकडून वेढून होते. नवीन आले तेव्हा मला त्याची घाण वाटे. ते असे एका रांगेत का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. गावातल्या शिकलेल्या माणसांपैकी कोणालाच पडला नव्हता.

पश्चिमेकडचे दहा-बारा उकिरडे कमिटीनं रोगराईचं कारण सांगून हलवले आणि ती मोकळी जागा मुलींच्या शाळेला देऊन टाकली. आमच्या गावचा म्हातारा गवंडी पाया खणायला गेला आणि कुदळ टाकून परत आला. त्याचं म्हणणं, इथं कितीही खाली जा, राखच लागून राह्यली, कठीण भुई लागतच नाही. कमिटीचे अध्यक्ष गावातले मोठे शेतवाले. ते ओट्यावर पान लावत बसले होते. मीही तिथं होते, जागा मान्य असल्याच्या कागदावर सही करायला गेले होते.

अध्यक्ष गवंड्याला म्हणाले, "पोरीची शाळा हाय बे, तथी काय हत्ती बांधाचे हायेत? दोन हात खण आन् घाल दगडं."

सगळे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. गवंडी माझ्याकडे बघत होता. नाही म्हटलं तर हीसुद्धा जागा जाईल, या भीतीनं मी सही केली. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं स्वतःला समजावलं. तेव्हापासून ही म्हण मी कोणाला शिकवलेली नाही.

शाळा झाली. विटांच्या भिंती, वर टिनाचे पत्रे, पुढे अंगण. भिंतीच्या कडेनं मुलींनी सदाफुली आणि गुलबक्षी लावली. घरून येताना एकेक गडू पाणी आणायच्या आणि आधी झाडांना घालायच्या, मग पाटी काढायच्या. त्यांच्यात एक माळ्याची मुलगी होती. तिची आई गावालगतच्या मळ्यात वांगी, मिरची, मेथी पिकवायची आणि डोक्यावर टोपली घेऊन गावभर विकायची. मी खूप मुली शिकवल्या, पण अशी दुसरी पाहिली नाही. कोणताही मजकूर पुढे ठेवा, बियाण्याची जाहिरात असो की कोर्टाचं समन्स, ती न अडखळता वाचायची. जोडाक्षरं तर तिला खाऊसारखी वाटत. घरात तिच्या आत्याकडून मागणी आलेली होती. आई आत्याला थोपवून धरत होती. चवथीची परीक्षा होऊ द्या, मग बघू, असं ती सांगे. शाळा आहे तोवर आपल्याला असं म्हणता येतं, हे तिनं मला एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या दिवशी शाळा बसली. बसली हाच शब्द बरोबर आहे. पावसाची झड चार दिवस लागून होती. सुट्टी असल्यामुळे मुली घरी होत्या, हे नशीब. गावात बैलं सजवून तोरणाखाली उभी होती आणि पश्चिमेकडून धाड असा आवाज आला. मी गेले तेव्हा मागची भिंत कमरेएवढी जमिनीत गेली होती, पत्रे वाकून खाली आले होते, आणि मधल्या फरशीला एवढी भेग पडली होती की तिच्यात माणूस उभा राहील.

आठ दिवसांनी कमिटीची सभा झाली. मला बोलावलं आणि दाराशी उभं ठेवलं. भिंत का पडली याचं कारण त्यांनी शोधून ठेवलं होतं. बाईनं भिंतीलगत झाडं लावली, रोज पाणी घातलं, म्हणून पाया भिजला. गवंड्यानं दिलेला इशारा कोणालाच आठवेना. गवंडी स्वतः आजारी पडून लेकीकडे गेला होता. वीस मुलींच्या वीस गडू पाण्यानं इमारत पडते, असं बोलताना एकाही माणसाची जीभ अडखळली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी त्या दिवशी घरी येऊन एक अख्खी परात आपटून वाकडी केली. यजमान ती ठोकून सरळ करत बसले.

तोवर रामाच्या ओसरीत कापसाची बोंदरी, मोठमोठी पोती, भरून ठेवली होती. मुली माझ्या अंगणात निंबाखाली बसू लागल्या. डिप्टीसाहेब तपासणीला आले. भला माणूस होता, पण नियमाचा. त्यांनी साफ सांगितलं, की संक्रांतीपर्यंत पक्की जागा ठरली नाही तर ही शाळा बंद करावी लागेल, मग मुलींनी मुलांच्या शाळेत जावं. मुलांच्या शाळेत आमच्या गावची एकही मुलगी जाणार नव्हती. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि निंबाखाली बसलेल्या मुलींनाही माहीत होतं.

दसरा झाल्यावर दुसरे एक साहेब आले. पुराणवस्तू खात्याचे. लोणारची देवळं पाहून परत जाताना कोणीतरी त्यांना आमच्या पडक्या शाळेतून निघालेली खापरं दाखवली होती. पुण्याकडचे, गोरेपान, खाकी अर्ध्या विजारीतले. त्यांनी भेगेत कंदील सोडून पाहिलं आणि गावात मुक्कामच ठोकला. आठ मजूर लावले, खुंट्या ठोकल्या, सुतळ्या बांधल्या आणि शाळेच्या अंगणातून आरपार एक लांब चर खणला. ज्या कमिटीला माझ्या भिंतीकडे बघायला वेळ नव्हता, ती रोज चराच्या काठावर खुर्च्या टाकून बसू लागली.

मीही जात होते. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं, आणि याचाही मला राग येतो. दोन्ही बाजूंना पिवळा, कठीण मुरूम. तो तिरपा कापत खाली नेलेला, कोणीतरी मापानं कापल्यासारखा. मधे दोन पुरुष खोलीपर्यंत भर. वर आमचं शेणखत, त्याखाली राख, त्याखाली हाडं, खापरं, निळ्या झिलईच्या भांड्यांचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, अगदी तळाशी चिकण गाळ. साहेबांनी मला समजावून सांगितलं, की सुलतानांच्या अमलात हे गाव मोठं ठाणं असणार आणि हा त्याच्या भोवतीचा खंदक आहे. ठाणं मोडलं, खंदक ओस पडला, आणि लोकांनी खड्डा दिसला म्हणून त्यात केर टाकायला सुरुवात केली. मग पिढ्यान् पिढ्या तिथंच टाकत राहिले. खड्डा भरला, तरी जागा तीच. गाळात त्यांना एक तांब्याचं नाणं मिळालं, त्यावरून त्यांनी काळही ठरवला.

नाणं सापडलं त्या दिवशी ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "बरं झालं बाई तुमची शाळा पडली. एरवी हे आम्हाला कधी कळलं असतं?"

मनात आलं, यांना त्याच चरात ढकलावं. पण त्याच वेळी मला दुसरंही सुचलं. शाळा जमिनीनं पाडली, सदाफुलीनं नाही, याचा पुरावा या माणसाच्या हातात होता. मी अध्यक्षांकडे गेले. चरातला तिरपा मुरूम त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. बऱ्याच ओढाताणीनंतर ते म्हणाले की पूर्वेला मारुतीच्या देवळामागची जागा कमिटीची आहे. ती जमीन पक्की आहे, खाली खंदक नाही, असं या साहेबांनी लिहून दिलं तर शाळा तिथं बांधू. चारचौघांत म्हणाले, त्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला.

साहेबांना मात्र वेळ नव्हता. खंदक बाकीच्या बाजूंनी कुठून जातो, हे त्यांना हवं होतं. त्यांनी दोन ठिकाणी खणून पाहिलं आणि दोन्ही ठिकाणी नुसता मुरूम लागला. ते वैतागले होते.

इतक्यात दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीच्या संध्याकाळी घरातल्या पणत्या लावून झाल्या की बायका एक पणती उकिरड्यावर नेऊन ठेवतात. तीही लक्ष्मीच. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, पण आमच्या बायका त्याला दरवर्षी एक दिवस देतात. मी माळणीला फराळाचं द्यायला मळ्याकडे गेले होते. तिचा मळा जरा उंचावर. तिथून मागे वळून पाहिलं तर गावाभोवती पणत्यांचं कडं दिसत होतं. पश्चिमेला, जिथले उकिरडे कमिटीनं हलवले होते, तिथंही बायकांनी पडक्या भिंतीलगत जुन्या जागी पणत्या ठेवल्या होत्या. साहेब ज्याच्यासाठी ठिकठिकाणी खणत होते, तो अख्खा खंदक माझ्यासमोर उजळून होता.

पूर्वेला, मारुतीच्या मागे, तेवढा अंधार होता. मी माळणीला विचारलं, तिथं कोणाच्या पणत्या का नाहीत? तिला प्रश्नच वेडगळ वाटला. तिनं सांगितलं, की तिथं वेस होती. म्हणजे तिनं पाहिली नव्हती, तिच्या सासूनंही नव्हती, पण सासूच्या सासूपासून सांगत आले होते की वेशीच्या तोंडात उकिरडा घालू नये. त्यामुळे तिथं कधी कोणी केर टाकला नाही, की कधी कोणी काही खणलं नाही. मग आवाज हळू करून ती म्हणाली, "बाई, तथली भुई लय कठीन हाय. शाळा तथीच बांधा. पडनार नाई."

हे तिनं मला दिलं. तिच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं असं मी म्हणणार नाही, वांगी ती रोजच द्यायची. पण हे तिनं मुलीसाठी दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. माझ्या अंगात हुशारी शिरली होती. मी म्हटलं, अख्खा खंदक पावलापावलानं दाखवते, पण मारुतीमागची जमीन भक्कम असल्याचं तुम्ही कमिटीला लिहून द्यायचं. त्यांनी हसून कबूल केलं. मी त्यांना पणत्यांचे काळे डाग पडलेल्या एकेका उकिरड्यावरून फिरवलं. नकाशावर त्यांची पेन्सिल भराभर चालत होती. बायका मधे मधे सांगत होत्या, हा उकिरडा कोणाचा, तो कोणाचा. त्यांचं मले-तुले ऐकून साहेबांना मौज वाटत होती. एकदोनदा त्यांनी तसंच बोलून दाखवलं आणि अध्यक्ष हसले, जे स्वतः जन्मभर तसंच बोलत आले होते.

मारुतीच्या मागे आल्यावर मी थांबले. सांगितलं, इथं खंदक तुटतो, इथं वेस होती, म्हणून जमीन पक्की आहे. एवढं लिहा.

साहेबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, खात्री करून लिहितो. दुसऱ्या दिवशी मजूर तिथं लावले. दीड हात खाली घडीव दगड लागले. दोन्ही बाजूंचे बुरूज, मधला फरसबंद रस्ता, दरवाजा ज्यात फिरायचा तो खाचेचा दगड, त्यावर दार घासून पडलेली गोल खूण. साहेब मजुरांबरोबर गुडघ्यावर बसून हातांनी माती काढत होते. संध्याकाळी त्यांनी मला घरी येऊन शाबासकी दिली. म्हणाले, सगळ्या गावात हीच जागा सर्वांत महत्त्वाची. मी आनंदानं त्यांना चहा केला. महत्त्वाची म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. इतकी वर्षं पोरींना शब्दांचे अर्थ लिहायला लावत होते, आणि हा एक शब्द माझ्या ओट्यावर उभा राहून बोलला गेला तर मी त्यात साखर घालत होते.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

साहेब गेले. बांगड्यांचे तुकडे, नाणं, खापरं, सगळं पेट्यांत भरून गेलं. कमिटीला पत्र आलं नाही. मी त्यांना तीन पत्रं लिहिली. मागाहून कळलं, की त्यांनी अहवालात सगळं लिहिलं होतं. जुना खंदक आहे, भरावावरची शाळा त्यामुळेच खचली, खंदकाची रेषा गावातल्या लोकांच्या सांगण्यावरून मिळाली. म्हणजे माझ्यावरचा आळ त्यांनी खरोखर पुसला होता. पण इंग्रजीत, आणि कुठल्यातरी कपाटात. गरज सरो, वैद्य मरो. माळणीचं नाव सोडा, बायकांनी सांगितलं एवढंही त्यांना लिहावंसं वाटलं नाही.

पौषात, संक्रांतीच्या आधी, सरकारी माणसं बैलगाडीतून लोखंडी पाटी घेऊन आली आणि मारुतीच्या मागे रोवून गेली. भोवती काटेरी तार. वर इंग्रजी, खाली मराठी. गाव गोळा झालं. अध्यक्षही आले. त्यांना हुकूम आधीच पोचला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आपल्याला वाईट वाटल्याचं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला वाईट वाटण्याइतकी लाज असती तर पहिलीच शाळा उकिरड्यावर बांधली नसती. भर गावात बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचं काय गेलं होतं?

माळीण टोपली घेऊन आली. गर्दी बघून थांबली. तिची मुलगी तिच्याबरोबर होती. बायकांना पाटी वाचता येत नव्हती आणि पुरुषांपैकी कोणी वाचून दाखवेना. आईनं मुलीला पुढे केलं. पोरगी तारेजवळ गेली, हात मागे बांधले, आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचू लागली. ही जागा सरकारच्या संरक्षणाखाली आहे. येथे कोणीही खोदकाम अगर बांधकाम करू नये. उल्लंघन करणारा शिक्षेस पात्र होईल. 'उल्लंघन' तिनं एका दमात वाचलं. त्या पाटीवरचा एक शब्दही तिच्याकडून चुकला नाही. मी शिकवलेलं सगळं तिला येत होतं.

माळणीनं मला विचारलं, म्हंजे इथं शाळा नाई? मी नाही म्हणाले. दुसरीकडे? मी पुन्हा नाही म्हणाले, डिप्टीसाहेबांची मुदत संपत आली होती. तिनं टोपली खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्या तुमाले सांगतलं, ते पोरीसाठी सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमी ते साहेबाले देऊन टाकलं."

गवंडी माझ्याकडे बघत होता तेव्हा बोलायचं, ते मी बोलले नव्हते. वेशीचं गुपित राखायचं, ते मी बोलून बसले होते. दोन्ही वेळा मला वाटत होतं, की मी शाळेसाठी करते आहे.

माळणीनं टोपली डोक्यावर घेतली आणि पोरीला म्हणाली, चाल, वांगे तोडाचे हायेत. पोरगी निघाली. चार पावलं गेल्यावर ती वळली, परत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि वर्गातून बाहेर जाताना रोज विचारायची तसं तिनं विचारलं, "बाई, जाऊ?"

मी म्हटलं, "जा."